मेदाचा निरोप

मालाडच्या या मालेत आम्ही सहसा ग्रंथांविषयी बोलतो. आज पेशीच्या मरणाविषयी बोलू.

पेशी मरते ती बाहेरचा मार खाऊन, सुजून, फुटून, अशी समजूत वैद्यकात बराच काळ होती. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी दुसरं मरण वर्णिलं. पेशी आपली आपण आकसते, तिचे नीट गुंडाळलेले तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळतात. सूज नाही, बोभाटा नाही. ॲबरडीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी नाव सुचवलं ‘अपॉप्टोसिस’, म्हणजे पानगळ. पुष्कळ जण याला पेशीची आत्महत्या म्हणतात. आम्हाला तो शब्द पटत नाही. आत्महत्येला इच्छा लागते, पानाला कुठली इच्छा? कॅन्सरची पेशी ही पानगळ चुकवते.

पण गळण्याचा निरोप देतं कोण? एक उत्तर निघालं मेदातून. मेंदूचं रसायन तपासताना थुडिकम या लंडनमधल्या जर्मन डॉक्टरांना एक कोड्यात टाकणारा पदार्थ सापडला. १८८४ साली त्यांनी स्फिंक्सवरून त्याचं नाव ठेवलं स्फिंगोसिन. पुढे जवळजवळ शंभर वर्षं या कुळातल्या मेदांकडे पेशीच्या भिंतीचा गिलावा म्हणूनच पाहिलं गेलं.

कोडं सुटायला शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी हव्या होत्या. ही विद्या मुंबईत रुजवली कमल रणदिवे यांनी. पुण्यात जन्म १९१७चा, खानोलकरांच्या हाताखाली १९४९मध्ये डॉक्टरेट, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे शिक्षण. परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

अशाच वाढवलेल्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर १९९३ साली अमेरिकेत युसुफ हनून यांच्या गटाने सिरॅमाइड घातलं. हा स्फिंगोसिनच्याच घरातला मेद. पेशींच्या डीएनएचे तुकडे झाले, पानगळ सुरू झाली. मग त्यांनी जवळजवळ तसाच रेणू घातला, फक्त एक दुहेरी बंध कमी. काही झालं नाही! नुसत्या चरबीच्या माऱ्याने पेशी मरत असत्या, तर दोन्ही रेणूंनी मारायला हवं होतं. एका बंधावर सगळं अडतं, म्हणजे पेशी तो निरोप ‘वाचते’ आहे.

१९९६मध्ये उलटी बाजू दिसली. स्फिंगोसिनला फॉस्फेट जोडलं, की तोच मेद ‘जग’ म्हणतो. कित्येक कॅन्सरपेशी तर सिरॅमाइडला साखर जोडून त्याचं तोंडच बंद करतात. ती साखर जोडू न देणं, ही उपचाराची एक वाट संशोधक धुंडाळत आहेत. रोजच्या उपचारात ती अजून आलेली नाही.

व्याख्यान संपल्यावर कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. औषधाच्या दुकानात मिळणारं सिरॅमाइडचं क्रीम कातडीतला ओलावा टिकवतं. कॅन्सरशी त्याचा काही संबंध नाही.