शंभर किलोवॉटच्या अलीकडे : शासकीय शाळांच्या इमारती आणि ऊर्जा-कार्यक्षमतेचे निकष

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ या कायद्याच्या अनुसूचीत शाळेची इमारत कशी असावी, याची यादी दिली आहे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकगृह, क्रीडांगण, कुंपण हे सारे त्यात आहे. विजेचा उल्लेख मात्र नाही. दिवा, पंखा, खोलीतील तापमान किंवा छताचे स्वरूप यांविषयीही ही अनुसूची मौन पाळते. इमारतींच्या ऊर्जावापराचे नियमन करणारा कायदा त्याआधीच अस्तित्वात होता. परंतु त्याची कक्षा बहुतेक शासकीय शाळांपर्यंत पोहोचत नाही.

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. ब्युरोने तयार केलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजेच ‘ईसीबीसी’, मे २००७ मध्ये जाहीर झाली व २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभार, अथवा १२० केव्हीए किंवा त्याहून अधिक करारमागणी असलेल्या इमारतींनाच ती लागू होते. १ जानेवारी २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कार्यालयीन व निवासी इमारतींनाही या कक्षेत आणले आणि ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली. केंद्राच्या पातळीवर शंभराचा आकडा मात्र कायम राहिला.

या आकड्याचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. पाच खोल्यांच्या प्राथमिक शाळेत प्रत्येक खोलीत २० वॉटच्या दोन एलईडी नळ्या आणि ७५ वॉटचे दोन पंखे धरले, तर एकूण भार ९५० वॉट होतो. संगणक, प्रक्षेपक व पाण्याचा पंप मिळवला तरी तो दोन-अडीच किलोवॉटच्या आसपास राहतो. म्हणजे संहितेच्या उंबरठ्याचा चाळिसावा हिस्सा! मोठी निवासी विद्यालये, महाविद्यालये किंवा वातानुकूलित खासगी शाळा यांचा विचार संहितेत होऊ शकतो. खेड्यातील शाळा तिच्या दृष्टिक्षेपातच येत नाही.

गंमत अशी की, २०१७ च्या संहितेत शाळांचा वेगळा विचार केलेला आहे आणि तो सवलतीचा आहे. छतातून किती उष्णता आत झिरपते, हे ‘यू-मूल्य’ या परिमाणाने मोजतात. हे मूल्य जितके कमी, तितके छत अधिक उष्णतारोधक. शीत विभाग वगळता बहुतेक इमारतींसाठी छताची कमाल मर्यादा ०.३३ वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन आहे, तर दहा हजार चौरस मीटरपेक्षा लहान शाळांसाठी ती ०.४७ आहे. भिंतींबाबतही अशीच ढील दिलेली आहे. तरीही वास्तवातील अंतर मोठे आहे. १५ सेंटिमीटर जाडीच्या, वर कोणतेही आच्छादन नसलेल्या काँक्रीटच्या स्लॅबचे यू-मूल्य साडेतीनच्या घरात जाते. सवलतीच्या मर्यादेच्याही सुमारे सातपट. पत्र्याच्या छताची स्थिती याहूनही वाईट असते.

एकमजली इमारतीत उन्हाचा सर्वाधिक मारा छतावरच होतो. दुपारी तापलेला स्लॅब संध्याकाळपर्यंत उष्णता आत सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. मार्च उजाडला की सकाळची शाळा भरवण्याची आपल्याकडील प्रथा म्हणजे इमारतीच्या उणिवेवर वेळापत्रकाने काढलेला तोडगाच होय.

याचा अर्थ प्रत्येक वर्गात वातानुकूलन हवे, असा नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधनातून साकारलेले भारतीय अनुकूली सुखमान प्रारूप राष्ट्रीय इमारत संहितेने २०१६ मध्ये आणि ईसीबीसीने २०१७ मध्ये स्वीकारले. बाहेरच्या हवेची सवय झालेली माणसे किती तापमानात समाधानी असतात, हे त्यातून ठरवता येते. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत, बाहेरचे सरासरी तापमान ३२ अंश सेल्सिअस असताना, आत सुमारे ३० अंश तापमान सुसह्य ठरते. म्हणजेच योग्य छत, खिडक्यांवर सावली, समोरासमोरच्या भिंतींत उघडणारी तावदाने आणि पंखा एवढ्यावर देशाच्या मोठ्या भागात वर्षातील बराच काळ निभावू शकतो. अर्थात उपाय सर्वत्र सारखे नसतात. अहमदाबादच्या उष्ण-कोरड्या हवेत जड भिंती व सावली उपयोगी पडते, मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत वारा खेळता राहणे महत्त्वाचे असते, तर लेहमध्ये सूर्याची उष्णता आत घेऊन ती कोंडून ठेवावी लागते. भारतीय संहिता देशाचे पाच हवामान विभाग मानतात ते याच कारणासाठी.

मग हे होत का नाही? अज्ञान हे त्याचे उत्तर नाही. शैक्षणिक इमारतींतील सूर्यप्रकाशाविषयीचे भारतीय मानक (आयएस ७९४२) १९७६ चे आहे आणि शालेय इमारतींच्या मूलभूत गरजांविषयीचे (आयएस ८८२७) १९७८ चे. खरी अडचण पैशाच्या गणितात आहे. वातानुकूलित कार्यालयाचे छत उष्णतारोधक केले, तर वीजदेयक घटते आणि त्या बचतीतून खर्च भरून निघतो. ऊर्जाबचतीवर आधारलेल्या वित्तपुरवठ्याचा सारा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे. शाळेत मुळात वातानुकूलन नसते. छत सुधारल्यावर खोलीचे तापमान उतरते, मुलांचे लक्ष टिकते, डोकेदुखी कमी होते. मीटरवर मात्र यातले काहीच उमटत नाही. जी बचत देयकात दिसत नाही, तिला कर्ज कोण देणार?

पंख्यांचे गणित तुलनेने सोपे आहे. छतावरच्या पंख्यांना तारांकन १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाले. जुन्या ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा लावला, तर वरील पाच खोल्यांच्या शाळेत, दिवसाला सहा तास आणि वर्षाला २०० दिवस धरून, सुमारे ५४० युनिट वीज वाचते. समग्र शिक्षा योजनेतील एकत्रित शाळा अनुदानातूनच वीजदेयक, किरकोळ दुरुस्ती आणि अध्यापन साहित्य भागवायचे असते; तीसपर्यंत पटाच्या शाळेला ते वर्षाला दहा हजार रुपये आहे. अशा शाळेसाठी काही हजारांची वीजबचत किरकोळ ठरत नाही.

काही राज्यांनी संहितेची वाट न पाहता पावले टाकली. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘नाडू-नेडू’ कार्यक्रमात पंखे व दिव्यांसह विद्युतीकरण हा शाळा-दुरुस्तीचा स्वतंत्र घटक मानला. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छत धोरण जाहीर करून शासकीय इमारतींना ते लागू केले. परावर्तक पांढऱ्या रंगाचा हा उपाय स्वस्त आहे. मात्र धूळ आणि शेवाळ यांमुळे परावर्तन घटते, म्हणून रंग वेळोवेळी धुवावा व पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठीची तरतूद पहिल्या वर्षानंतर अनेकदा विसरली जाते.

केंद्राच्या पातळीवर सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या पीएम श्री योजनेत १४,५०० हून अधिक शाळा सौर पॅनेल व एलईडी दिव्यांसह ‘हरित शाळा’ म्हणून विकसित करायच्या आहेत. देशातील शाळांची एकूण संख्या १४ लाखांवर आहे, हे लक्षात घेतले तर ही योजना नमुन्यादाखल ठरते. सौर पॅनेलबाबत आणखी एक बारकावा आहे. देशाच्या बऱ्याच भागांत एप्रिल-मे मध्ये ऊन भरपूर असते, तेव्हाच शाळांना सुटी असते. जादा वीज ग्रिडला देण्याची नेट-मीटरिंगची सोय नसेल, तर ऐन सुगीच्या दिवसांतील उत्पादन वाया जाते. बॅटरीवर चालणाऱ्या संचात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो : बॅटरी संपल्यावर नवी कोणी घ्यायची, हे आधी ठरलेले नसते.

शाळेची खोली प्रत्यक्षात ठरते ती संहितेत नव्हे, तर बांधकाम विभागाच्या नमुना आराखड्यात आणि दरसूचीत. जी बाब दरसूचीत नाही, तिचे अंदाजपत्रक कनिष्ठ अभियंत्याला सहजासहजी करता येत नाही. मग परावर्तक लेप, छतावरील उष्णतारोधक थर किंवा पश्चिमेच्या खिडकीवरील छज्जा कितीही उपयुक्त असो. जोडभाराची मर्यादा उतरवण्याचा अधिकार राज्यांना २०२३ पासून आहेच. पण दोन किलोवॉटच्या शाळेला गाठण्याइतकी ती कोणतेही राज्य उतरवील, हे संभवत नाही. लहान इमारतींची तपासणी करणारी यंत्रणाच उपलब्ध नाही. त्यामानाने नमुना आराखड्यातील छताचा तपशील बदलणे हे एका शासकीय परिपत्रकाचे काम आहे, आणि त्यानंतर बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक खोलीला ते आपोआप लागू होते. उभ्या असलेल्या लाखो खोल्यांचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. त्यांच्या छतांसाठी वार्षिक दुरुस्तीच्या निधीतच स्वतंत्र शीर्ष उघडावे लागेल.