‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ : कागदामागचा इतिहास

फ्रिज घ्या वा टीव्ही, पैसे भरताना ‘एक्स्टेंडेड वॉरंटी हवी का?’ हा प्रश्न अमेरिकेत आपल्याला हमखास विचारला जातो. उत्तर शोधण्यासाठी मी थोडे इतिहासात डोकावले.

एकेकाळी वॉरंटीच्या ठळक अक्षरांत दिलेले आश्वासन खालच्या बारीक अक्षरांत काढून घेतले जाई. त्याला आळा घालण्यासाठी कॅलिफोर्नियाने १९७० साली सॉन्ग-बेव्हर्ली कायदा केला. पुढे सिनेटर मॅग्नसन आणि काँग्रेसमन मॉस यांच्या नावाचा केंद्रीय कायदा आला. त्यावर अध्यक्ष फोर्ड यांनी जानेवारी १९७५ मध्ये सही केली. लेखी वॉरंटी देणाऱ्याला वस्तूच्या किमान गुणवत्तेची जबाबदारी साफ झटकता येणार नाही, असे त्याने ठरवले.

याच कायद्याने ‘सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट’ वेगळे काढले. वॉरंटी किमतीतच येते. कॉन्ट्रॅक्टचे पैसे वेगळे. म्हणजे काउंटरवरचा तो कागद कायद्याच्या भाषेत वॉरंटी नव्हेच, तो दुरुस्तीचा करार!

करार पाळणारा टिकायलाही हवा. सर्किट सिटीसारख्या बड्या साखळीने नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्च २००९ पर्यंत तिची दुकाने बंद झाली. तेव्हा करार नेमका कोणत्या कंपनीशी आहे, ते आधी वाचावे.

माझे मत विचाराल तर, दुरुस्तीचा खर्च झेपत असेल तर ते पैसे घरच्या गंगाजळीत टाकावेत. मात्र नुकताच संसार मांडलेल्या, हात आखडता असलेल्या कुटुंबाला फ्रिज बंद पडणे परवडत नाही. त्यांनी करार घेतला तर हसू नये; फक्त उत्पादकाची मूळ वॉरंटी किती दिवसांची, हे आधी पाहावे. जे फुकट मिळते, ते विकत कशाला घ्यायचे?