दैवतांचा जाबता
अमेरिकेतील पायझो कंपनीने 2008 साली 'पाथफाइंडर सोसायटी' या नावाने मेजावरील भूमिका-खेळांची जी संघटित व्यवस्था उभारली, तीत घरच्या बैठकीतील यजमानाची मनमानी चालेना. परगावी अनोळखी गड्यांत बसणाऱ्यासही एकच कायदा लागू असावा, म्हणून कोणत्या ग्रंथातील कोणते दैवत ग्राह्य, याचा रीतसर जाबता ठेवावा लागला. खेळाच्या मूळ नियमांत पुजाऱ्यास एखाद्या तत्त्वाची उपासना करण्याची मुभा होती. सोसायटीने ती काढून नामनिर्दिष्ट दैवताची सक्ती केली. दुष्ट पात्रे वर्ज्य होती खरी, परंतु पुजाऱ्याची प्रवृत्ती (म्हणजे सुष्ट-दुष्ट व शिस्त-स्वैरता या पायऱ्यांवरील त्याचे स्थान) दैवताच्या प्रवृत्तीहून एक पायरी दूर असली तरी चाले. सबब नरकाधिपती अ‍ॅस्मोडियसचा शिस्तप्रिय, तटस्थ पुजारी बिनदिक्कत दाखल होई!

खरे वादंग माजले ते कंपनीच्या 'काउन्सिल ऑफ थीव्ज' या साहस-मालिकेतील एका लेखाने. या सैतानाचे पॅलाडिन, म्हणजे सदाचरणाचे व्रत घेतलेले धर्मयोद्धे, असल्याचा उल्लेख त्यात छापून गेला, आणि पुढे कंपनीकडूनच तो प्रमाद ठरला. माझ्या मते दोष लेखकाचा कमी, कायद्याचा अधिक. कारण पुजाऱ्यावरील एका पायरीचे बंधन पॅलाडिनावर मूळ नियमांत घातलेच नव्हते. खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक दैवतापुढे उपासकांना चालणाऱ्या प्रवृत्तींची यादीच छापण्यात आली.