सफरीला निघण्यापूर्वी

दिवाळीच्या फराळाबरोबर आमच्या घरी प्रवासाचे बेतही शिजू लागतात आणि मग कपाटातले नकाशे बाहेर येतात. यंदा नकाशा निघाला तो आफ्रिकेचा. माझा भाचा पुण्याला असतो. चार वर्षे पैसा गाठीला बांधून त्याने यंदा बायकोमुलांसह दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या सफरीचा बेत केला आहे. "मामा, तुम्ही शाळेत इतिहास शिकवता. मुलांना वाटेत वाचून दाखवायला दोन पानं लिहून द्या ना," ही त्याची मागणी. मला वाटले, चार सिंहांच्या गोष्टी लिहाव्यात आणि मोकळे व्हावे. पण लिहायला बसलो आणि सिंहांपेक्षा माणसांचीच गोष्ट मोठी निघाली. तीच वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम शब्दच घ्या. 'सफारी' हा पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेचा शब्द. अर्थ साधा, प्रवास. तो अरबी 'सफर'वरून आला आणि तोच 'सफर' फार्सीच्या वाटेने आपल्या मराठीतही आला. म्हणजे भाच्याची सफारी ही आपल्या सफरीची सख्खी बहीणच! पुढे युरोपियन शिकाऱ्यांनी हा शब्द उचलला आणि त्याला बंदुकीच्या दारूचा वास लागला.

त्या बंदुकीने एकोणिसाव्या शतकात काय केले, ते ट्रान्सवालच्या रानांना विचारावे. हस्तिदंतासाठी हत्ती गेले, कातड्यांसाठी हरणे गेली, पांढरा गेंडा तर तिथून नाहीसाच झाला. ज्यांचे नाव या उद्यानाला आहे, ते ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर स्वतः नामांकित शिकारी होते. तरुणपणी गेंड्याच्या शिकारीत बंदूक फुटून त्यांचा डावा अंगठा गेला होता. त्याच क्रूगरांच्या राजवटीत १८९८ साली साबी नदीकाठचा मुलूख शिकारीला बंद झाला. पण लगेच पुढच्या वर्षी बोअर युद्ध पेटले आणि रानाकडे बघायला कोणाला सवड उरली नाही.

१९०२ साली युद्ध संपले. इंग्रजांनी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याला त्या रानाचा रखवालदार नेमले. हा गृहस्थ थोडेथोडके नव्हे, १९४६ पर्यंत ते काम करीत राहिला.

त्याच्या हाताखालच्या हॅरी वोलहूटरची गोष्ट मुलांसाठी मुद्दाम सांगतो. १९०३ साली हा घोड्यावरून जात असता अंधारात सिंहाने झेप घातली, वोलहूटर खाली पडला आणि सिंहाने त्याचा उजवा खांदा तोंडात धरून त्याला फरफटत नेले. पण त्याचा डावा हात मोकळा होता. त्या हाताने त्याने पट्ट्याचा सुरा चाचपून काढला आणि सिंहाला भोसकले. सिंह बाजूला झाला. हा तशाच रक्तबंबाळ अवस्थेत झाडावर चढला आणि भोवळ येऊन पडू नये म्हणून त्याने स्वतःला फांदीशी बांधून घेतले. खाली दुसरा सिंह घिरट्या घालीत होता आणि वोलहूटरचा कुत्रा भुंकून भुंकून त्याला हैराण करीत होता. वोलहूटर वाचला. तो सुरा आणि त्या सिंहाचे कातडे स्कुकुझा येथे आजही पाहायला मिळते.

पण 'स्कुकुझा' म्हणजे काय? उद्यानातल्या या सर्वांत मोठ्या मुक्कामाला मिळालेले हे नाव स्टीव्हन्सन-हॅमिल्टनचेच टोपणनाव आहे. तिथल्या त्सोंगा लोकांनी ते त्याला दिले. अर्थ 'झाडून साफ करणारा'. त्याने चोरटे शिकारी हुसकले हे खरे, पण त्याबरोबर रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या त्या लोकांनाही बाहेर काढले. प्रवासी ज्या नावाच्या पाटीपाशी हौसेने फोटो काढतात, त्यात एक तक्रार आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

रान राखायचे तर लोकांना ते आवडले पाहिजे, हे मात्र त्या रखवालदाराने ओळखले. १९२३ पासून रेल्वेची नऊ दिवसांची सहलगाडी साबीच्या पुलाजवळ थांबू लागली. प्रवासी शेकोटीभोवती बसून रानातले आवाज ऐकत. १९२६ साली कायदा होऊन राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२७ साली पहिल्या मोटारी आत गेल्या. किती? वर्षभरात अवघ्या तीन! दर मोटारीला एक पौंड. आज तेच उद्यान जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर पसरले आहे आणि १९६१ पासून पांढरे गेंडेही दुसरीकडून आणून तिथे सोडले गेले.

हे आनंदाचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांसाठी अनेक मुक्काम, आणि काळ्या प्रवाशांसाठी बराच काळ बलूले नावाचा एकच लहानसा मुक्काम होता. आपणा भारतीयांचीही तऱ्हा वेगळी नव्हती. भारताने १९४६ साली त्या देशाशी व्यापार तोडला आणि पुढे कित्येक वर्षे आपला पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी चालत नसे. १९९३ साली राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. माझ्या मेहुण्यांच्या उमेदीत असा बेत कोणी मनात आणला असता, तरी तो नकाशावरच राहिला असता.

आता शेवटची आणि मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. उद्यानाच्या अगदी उत्तरेला, लिंपोपो आणि लुवुवू या नद्यांच्या बेचक्यात पाफुरी नावाचा भाग आहे. तिथे मकुलेके लोक राहत. १९६९ साली सरकारने त्यांना उठवले. बंदुकीच्या धाकाने त्यांना स्वतःची घरे स्वतःच्या हातांनी जाळायला लावली. वर्णभेद गेल्यावर त्यांनी जमिनीवर हक्क सांगितला आणि १९९८ साली सुमारे २४ हजार हेक्टर जमीन परत मिळवली. कोणालाही वाटेल, आता ते नांगर घेऊन परततील. पण त्यांनी तसे केले नाही. रान रानच ठेवायचे, मालकी आपली, आणि प्रवाशांपासून येणारे उत्पन्नही आपले, असा करार त्यांनी केला. ज्यांना रानासाठी हाकलले, त्यांनीच ते रान राखले!

भाच्याच्या बेतात चारही रात्री दक्षिणेत होत्या. मी त्याला म्हटले, "अरे, दोन रात्री पाफुरीला दे." तो म्हणाला, "मामा, स्कुकुझाहून पाफुरी तीनशे किलोमीटरच्या वर आहे. आत डांबरी रस्त्यालाही ताशी पन्नासच्या वर गाडी हाकता येत नाही, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामाचे फाटक गाठावे लागते." त्याचे गणित चुकलेले नव्हते. मी म्हटले, "मग वाटेत एक मुक्काम कर. दक्षिणेत एक सिंह कमी दिसला तर काय बिघडले?"

दोन दिवस तो काही बोलला नाही. भाऊबीजेला आला तेव्हा नवा कागद दाखवला. निघणे मे महिन्यात; मुलांना सुट्टी, तिथे कोरडा हिवाळा लागलेला, गवत वाळत चाललेले, जनावरे पाणवठ्यावर येऊ लागलेली. पहाटेच्या थंडीसाठी स्वेटर, हिवतापासाठी डॉक्टरांचा सल्ला. आणि सर्वांत खाली, लहान्या मुलीच्या अक्षरात लिहिले होते: पाफुरी, दोन रात्री.

मी माझी दोन पाने त्या कागदाला टाचून दिली.