वऱ्हाडचा समुद्र

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागले की गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडावी लागते. नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश. जमीन काळीभोर, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. ‘इथे कधीकाळी समुद्र होता’ हे वाक्य या भागात वारंवार कानी पडते. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये ए. बी. विन यांनी पूर्णेच्या खोऱ्यावर टिपण लिहिले ते १८६९ साली. म्हणजे या खोऱ्याचा शास्त्रीय विचार दीडशे वर्षांहून जुना आहे. गाळाच्या जाड थरांतून पाण्याचा निचरा न होणे आणि कोरड्या हवेत क्षार साचत जाणे, अशी कारणमीमांसा सामान्यतः दिली जाते. लोकस्मृतीतला समुद्र तिला लागत नाही.

समुद्र वऱ्हाडात आला असो वा नसो, वऱ्हाड मात्र हजारो वर्षे समुद्रात जात आले आहे. पूर्णेचे पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळते. वर्धा आणि पैनगंगा यांचे पाणी प्राणहितेवाटे गोदावरीत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते. पाण्याबरोबर माती जाते, मातीबरोबर पानांवरचे मेण जाते, आणि हे सारे समुद्रतळाशी थरावर थर साचत राहते. या थरांना इतिहासाचे साधन मानायचे का, आणि मानले तर ते कसे वाचायचे, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

वाचनाची ही रीत फार जुनी नाही. हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली दाखवून दिले की शिंपल्यातील ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. पाणी थंड, तर कवचात जड ऑक्सिजन अधिक. त्यांच्या शिकागोच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या चेझारे एमिलियानी यांनी ही कसोटी फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांना लावली. १९५५ साली त्यांनी हिमयुगांतील सागरी तापमानाचा चढउतार मांडला. बारा वर्षांनी, १९६७ मध्ये, निकोलस शॅकल्टन यांनी त्या वाचनालाच हरकत घेतली. हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो, म्हणून उरलेला समुद्रच जड होतो. तेव्हा एमिलियानींनी तापमान म्हणून जे वाचले, त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात बर्फाच्या साठ्याची नोंद होती. आकडे तेच राहिले, अर्थ पालटला. पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या आमच्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

येथे एक घोटाळा दूर केलेला बरा. कार्बनच्या समस्थानिकांवरून समुद्राचे तापमान कळते, असे पुष्कळदा सैलपणे लिहिले जाते. तापमानाची साक्ष ऑक्सिजन देतो, तीही वर सांगितलेल्या अटीवर. कार्बन-१३ दुसरेच काही सांगतो: समुद्रातील जीवसृष्टी किती सुपीक होती, खोल पाण्याचे अभिसरण कसे होते, जमिनीवर किती आणि कोणती झाडे होती. १९७७ साली शॅकल्टन यांनीच सागरतळाच्या कवचांतील कार्बन-१३ वरून जमिनीवरील अरण्यांच्या घटीचा विचार केला. अरण्याचा इतिहास समुद्रात शोधण्याची ही कल्पना आम्हांला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत विलक्षण कल्पना वाटते.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. गोदावरीच्या मुखासमोर, १२०० मीटरहून अधिक खोल पाण्याखालून काढलेल्या गाळाच्या एका स्तंभावरील अभ्यास २०१२ साली कॅमिलो पोंटन, लिव्हियू जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी पानांच्या मेणातील कार्बन तपासला. वृक्ष आणि बहुतेक वनस्पती हवेतील कार्बन एका रीतीने घेतात, तर उष्ण व कोरड्या प्रदेशातील अनेक गवते दुसऱ्या रीतीने. त्यामुळे पहिल्यांच्या देहात कार्बन-१३ चे मूल्य उणे २७ प्रति सहस्रच्या आसपास, तर दुसऱ्यांच्या देहात उणे १३ च्या आसपास असते. स्तंभाची साक्ष अशी की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरडेपणाला सरावलेल्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या आणि नंतर त्याच टिकून राहिल्या. त्याच स्तंभातील कवचांच्या ऑक्सिजनवरून गेल्या ३००० वर्षांत उपसागराचे पाणी अधूनमधून फार खारट झाल्याचे, म्हणजे नद्यांचे पाणी कमी पोहोचल्याचे दिसते. २०१७ साली जोसान आणि सहकाऱ्यांनी त्याच गाळावरून दख्खनच्या मातीची धूप उत्तरकाळात वाढल्याचे मांडले. वनाच्छादन विरळ होणे आणि शेतीचा विस्तार, अशी दोन्ही कारणे त्यांनी दिली.

शंका येथेच येते. ज्वारी ही त्या दुसऱ्या रीतीची वनस्पती आहे. कापूस, हरभरा, गहू पहिल्या रीतीचे. तेव्हा गाळात जे गवत दिसते, त्यात रान किती आणि शेत किती? अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे १९८४-८५ साली बी. पी. बोपर्डीकर यांनी ताम्रपाषाणयुगीन वसाहत उत्खनित केली. म्हणजे ज्या काळात कार्बन कोरडेपणाकडे झुकू लागतो, त्याच व्यापक काळात या प्रदेशात शेतकरी स्थिरावत होते. पाऊस घटला म्हणून झाडे गेली, की माणसाने झाडे तोडून धान्य पेरले? एकट्या मेणाला हे सांगता येणार नाही.

याहून अवघड प्रश्न लोणारचा आहे. लोणार सरोवर वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात. ते समुद्र नव्हे, पण गाळाचे वाचन त्याच रीतीने होते. सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तेथील गाळावरून दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड दाखवले: ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. दुसरा कालखंड आपल्या कालगणनेत मांडून पाहावा. ख्रिस्तशकाच्या आरंभापासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा हा काळ. सातवाहनांचा मोठा भाग, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव असे सारे त्यात येतात. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते ते याच काळात. ‘काव्यमीमांसे’त राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मात. प्रवरसेनाच्या नावावरचे ‘सेतुबंध’ हे समुद्रावरील प्राकृत महाकाव्य समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या याच विदर्भाच्या राजवंशाचे. ऋद्धिपुरात तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ आकाराला आले, तेही याच ‘अवर्षणात’.

मग शास्त्रज्ञ चुकले का? आम्हांला तसे वाटत नाही. चूक होते ती भाषांतरात. सरोवराची पातळी शतकानुशतके सरासरीने खाली असणे, याला इंग्रजीत जो शब्द वापरतात त्याचे आपण झटकन ‘दुष्काळ’ करतो. दुष्काळ हा धान्याचा, भावाचा आणि कोठारे उघडणाऱ्या किंवा न उघडणाऱ्या सत्तेचा शब्द आहे. पावसाची सरासरी घटलेल्या शतकातही चांगली वर्षे असतात, तळी बांधली जातात, पिके बदलली जातात. किंबहुना पोंटन आणि सहकाऱ्यांनी असेही सुचवले आहे की १७०० वर्षांपूर्वीनंतरच्या बेभरवशाच्या पावसामुळेच दक्षिणेत जलसंधारणाची कामे झपाट्याने वाढली असावीत. आणि परंपरा ज्या दुर्गादेवीच्या दुष्काळाचे भय सांगते, तो तिच्याच गणनेप्रमाणे १३९६ साली सुरू झाला. लोणारचा दीर्घ कोरडा कालखंड तोवर संपलेला होता. अर्थात गाळाच्या कालनिश्चितीत काही दशकांचा फरक सहज पडू शकतो. तरी दहा-बारा वर्षांची आपत्ती शतकांच्या पट्टीने मोजणाऱ्या साधनात सापडेल, अशी अपेक्षाच धरू नये.

अलीकडे हवामानावरून राजवटींचे उदयास्त सांगणारी पुस्तके इंग्रजीत पुष्कळ निघतात आणि त्यांचे पडसाद आपल्या वर्गांतूनही उमटू लागले आहेत. त्यांना आमचा सरसकट विरोध नाही. पण वाकाटकांच्या अस्ताचे खापर पावसावर फोडण्यापूर्वी, त्याच कोरड्या शतकांत अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरणाऱ्या मजुरांच्या पोटात कोणते धान्य होते, हे कोणीतरी विचारले पाहिजे. त्याचे उत्तर समुद्रतळाशी मिळणार नाही. त्या काळच्या वस्त्यांतील माणसांच्या आणि गुरांच्या हाडांत ज्वारीचा कार्बन-१३ मोजता येतो. मात्र त्यासाठी पूर्णेच्या आणि पैनगंगेच्या काठच्या पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन ती नांगराखाली सपाट होण्याआधी व्हायला हवे.