विमेदाराची सही

आयुष्याचा विमा म्हणजे मरणानंतर फेडावयाचें वचन. आणि तें फेडण्याची वेळ येते तेव्हां ज्यास दिलें तो जबानी द्यावयास नसतो. साऱ्या घोटाळ्याचें मूळ येथें आहे. मुंबईस १८७० सालीं निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनें एतद्देशीयांस जादा दर न लावतां विमा दिला, ही अभिमानाची गोष्ट. पुढें कंपन्या वाढल्या. १९१२ च्या कायद्यानें त्यांच्या हिशेबास विमागणितज्ञाचा दाखला लागूं लागला, पण दारोदार विमा खपविणारा मोकळाच राहिला.

त्यास लगाम घातला १९३८ च्या कायद्यानें. एजंटास परवाना आला, कमिशनास मर्यादा पडली, कमिशनांतील वांटा देऊन गिऱ्हाईक भुलविणें दंडास पात्र ठरलें. माझ्या मतें मात्र खरें मोल ४५ व्या कलमाचें. दोन वर्षें लोटल्यावर अर्जांतील चुकीवर बोट ठेवून कंपनीस विमा नाकारतां येईना. विमेदारानें महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून कपटानें लपविली, हें तिनें सिद्ध केल्यास गोष्ट निराळी. ही फट लहान नव्हे! अर्ज पुष्कळदां एजंटच भरी. सही तेवढी विमेदाराची, तीहि न वाचतां.

१९ जानेवारी १९५६ रोजीं चिंतामणराव देशमुखांनीं आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा नभोवाणीवरूनच केली. मालक बदलला, फट राहिली. ती बुजली २०१५ सालीं: मुदत तीन वर्षांची झाली, पण तिच्यानंतर कपटाचीहि सबब चालत नाहीं. आरोग्यविम्यास २०२४ पासून पांच वर्षांची मुदत आहे. तेथें सिद्ध झालेलें कपट अजून आड येतें. कंपनीनें महिनाभरांत दाद न दिल्यास आम्हां देवपूरकरांस पुण्याच्या विमा लोकपालाकडे फी न भरतां तक्रार नेतां येते.