सायकल कोळपे

सायकल कोळपे हे सायकलीच्या पुढील भागापासून तयार केलेले व माणसाने हाताने ढकलून चालवायचे आंतरमशागतीचे अवजार होय. उभ्या पिकाच्या दोन ओळींमधील तण काढणे आणि जमिनीचा वरचा थर भुसभुशीत करणे ही त्याची मुख्य कामे आहेत. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णी (ता. जामनेर) येथील शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी बनविलेले 'कृषिराजा' हे या अवजाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सायकलीच्या पारंपरिक आराखड्यापासून दूर गेलेल्या रचनांमध्ये सायकल कोळप्याचे स्थान वेगळे आहे; कारण त्यात सायकलीला नवे भाग जोडण्यापेक्षा तिचे बहुतेक भाग काढूनच टाकलेले असतात.

पार्श्वभूमी

खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) कापूस, ज्वारी, बाजरी, मूग, उडीद ही खरिपाची प्रमुख पिके होत. या पिकांत पेरणीनंतर निंदणी व कोळपणी वेळेवर होणे आवश्यक असते. निंदणी खुरप्याने, बहुधा स्त्रिया बसून करतात. कोळपणी बैलांनी ओढलेल्या कोळप्याने होते. पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला की कोळपणीसाठी मोजके दिवस मिळतात आणि त्या दिवसांत गावातील प्रत्येकालाच बैल हवे असतात. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, त्याला भाड्याने किंवा सावडीने बैल मिळेपर्यंत थांबावे लागते. तण मात्र थांबत नाही. दोन-तीन एकर जमिनीसाठी वर्षभर बैल पोसणे अनेकांना परवडत नाही. सायकल कोळप्याची गरज या अडचणीतून निर्माण झाली.

भारतातील तळागाळातील संशोधकांच्या कल्पनांची नोंद घेण्यासाठी २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने भिसे यांच्या अवजाराची दखल घेतली व त्याची माहिती इतर राज्यांतही पोहोचविली. चाकाचे हातकोळपे ही कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी अवजारे कारखान्यांत तयार होत असत. खेड्यात सहज मिळणाऱ्या जुन्या सायकलीतून, गावच्या लोहाराकडून किंवा वेल्डिंगच्या दुकानातून तेच काम करणारे अवजार मिळविणे हे 'कृषिराजा'चे वैशिष्ट्य होय.

पारंपरिक सायकलीचा आराखडा

आज सर्वत्र दिसणाऱ्या सायकलीचा आराखडा १८८५ साली इंग्लंडमधील जॉन केंप स्टार्ली यांच्या 'रोव्हर' सायकलीने रूढ केला. जवळजवळ सारख्या मापाची दोन चाके, मधोमध पायडल, चेनद्वारे मागील चाकाला मिळणारी गती आणि हँडलने वळणारे पुढील चाक हे त्याचे मुख्य घटक होत. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनविल्यानंतर ही सायकल अधिक सुखकर झाली. त्यापूर्वी १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी तयार केलेल्या दुचाकीला पायडल नव्हते. चालक जमिनीवर पाय मारीत ती पुढे नेत असे. सायकल कोळपेही पायडलविना, माणसाच्या चालण्यावरच पुढे सरकते.

रचना

सायकल कोळप्यात सायकलीचे पुढील चाक, त्याचा चिमटा आणि हँडल राखले जाते. मागील चाक, पायडल, चेन, सीट व कॅरियर काढून टाकतात. चाकाच्या मागे लोखंडी पट्टीची चौकट बसवून तिला नटबोल्टने पास जोडतात. पास म्हणजे जमिनीत शिरून तणाची मुळे कापणारे आडवे पाते. पासेऐवजी लहान फण लावता येतात. बोल्टची जागा बदलून पासेची खोली कमीजास्त करता येते. दुरुस्तीसाठी लागणारे छर्रे, तारा व टायर सायकलच्या कोणत्याही दुकानात मिळतात.

पारंपरिक साधनांशी तुलना

सायकलीशी: सायकलीत चालकाचा भार चाकांवर असतो व त्याच्या पायांची शक्ती मुख्यतः हवेचा व रस्त्याचा विरोध मोडण्यात खर्च होते. सायकल कोळप्यात चालक स्वतः जमिनीवर चालतो आणि बरीचशी शक्ती माती कापण्यात जाते. माणूस दीर्घकाळ सलगपणे सुमारे ७५ वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. म्हणून पास अरुंद, साधारण वीतभर, ठेवावी लागते. चाक मोठे असल्यामुळे ते ढेकळांवरून सहज पुढे जाते, ही सायकलीकडून मिळालेली मोठी सोय होय.

बैलांच्या कोळप्याशी: बैलांच्या कोळप्याला जू, दांडी व रुमणे असते, त्याची पास रुंद असते आणि दिवसभरात त्याने कितीतरी अधिक क्षेत्र होते. परंतु पीक वाढल्यावर बैलांमुळे फांद्या मोडतात व त्यांच्या तोंडाला मुसके बांधावे लागते. सायकल कोळपे अरुंद ओळींतूनही नेता येते. त्याला वैरण लागत नाही आणि वाफसा येताच ते कामाला काढता येते.

खुरप्याशी: खुरप्याने बसून निंदताना कंबर व गुडघे दुखतात. सायकल कोळपे उभ्याने चालविले जाते. मात्र ओळीच्या आत, रोपाच्या बुंध्याशी असलेले तण त्याने निघत नाही. तेथे खुरपेच लागते.

मर्यादा

खानदेशातील काळी जमीन ओली असताना चिकट होते व चाकाला चिखल लपेटतो. पूर्ण वाळल्यावर ती इतकी कठीण होते की पास आत शिरत नाही. त्यामुळे वाफशाच्या काळातच हे अवजार चांगले चालते. हलक्या जमिनीत ते ओढायला सोपे जाते. वाढलेले, खोल मुळांचे तण त्याने निघत नाही. नांगरणी किंवा मोठ्या क्षेत्राची मशागत यासाठी ते उपयोगाचे नाही. बैलांचे श्रम वाचले तरी ते श्रम माणसाच्या खांद्यांवर येतात, ही त्याची मूलभूत मर्यादा होय.

इतर अपारंपरिक सायकली

बिहारमधील मोहम्मद सैदुल्लाह यांनी दोन्ही बाजूंना तरंगणारे पोकळ डबे जोडून जमिनीवर व पाण्यावर चालणारी सायकल बनविली. तिची प्रेरणा पुरातून मिळाली होती. आसाममधील कनक दास यांनी खड्ड्यांतून बसणाऱ्या धक्क्यांचा उपयोग सायकलीला पुढे ढकलण्यासाठी केला. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांच्या आडवे रेलून चालवायच्या सायकलीवर फ्रान्सिस फॉर याने १९३३ साली एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले. पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना स्पर्धांतून वगळले व शर्यतींपुरता पारंपरिक आराखडाच प्रमाण ठरला. वेग, पूर किंवा खड्डे यांसाठी केलेल्या या सर्व रचनांत सायकल हे वाहनच राहिले. सायकल कोळप्यात मात्र वाहनाचे अवजार झाले असून त्याची उपयुक्तता अंतराने किंवा वेगाने नव्हे, तर वाफशाच्या दिवसांत तणमुक्त झालेल्या ओळींनी मोजली जाते.